तेलातून वाचता येणारी ओळ

सरांच्या हजेरीपटावर मी पहिले तीन रविवार गैरहजर आहे आणि त्या तिन्ही रविवारी मी पहिल्या बाकावर बसलेलो होतो. हे विधान परस्परविरोधी वाटेल, म्हणून आधी हजेरीची पद्धत सांगतो.

अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून असलेल्या खोलीत, दर रविवारी सकाळी नऊ ते बारा या वेळेत सर्जनशील लेखनाचा प्रमाणपत्र वर्ग भरत असे. शिकवणारे सर त्याच महाविद्यालयातून मराठीचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले होते आणि कवी होते. वर्गात आम्ही नऊ विद्यार्थी होतो. हजेरी घेताना सर नाव पुकारत आणि विचारत, "वाटेत काय पाहिलं?" जे पाहिले ते एका वाक्यात सांगायचे. सांगण्यासारखे काही पाहिले असेल तर हजर, नसेल तर गैरहजर. शरीर बाकावर आहे की नाही, हा मुद्दा त्यांच्या दृष्टीने गौण होता.

मी चौसाळ्याच्या माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. पहाटेची एसटी धरून, केजला गाडी बदलून मी वर्गाला येत असे. पहिल्या रविवारी मी उत्तर दिले, "निसर्गसौंदर्य."

"कितव्या किलोमीटरला?" सरांनी विचारले.

मला सांगता आले नाही. त्यांनी नावापुढे फुली मारली. दुसऱ्या रविवारी मी "गर्दी" म्हणालो, तिसऱ्या रविवारी "विशेष काही नाही." तीन फुल्या झाल्या. तेवीस वर्षे मी मुलांची हजेरी घेत आलो आहे. समोर बसलेल्या माणसाला गैरहजर ठरवणारा पट मी तोवर पाहिलेला नव्हता आणि या अन्यायाची तक्रार कोणत्या नमुन्यात करावी हेही मला ठाऊक नव्हते.

माझ्या मागच्या बाकावर शासकीय रुग्णालयातल्या एक परिचारिका बसत. सर त्यांना सिस्टर म्हणत. त्या सहज सांगून जात, "दवाखान्याच्या दारात एक बाबा सोताचाच एक्स-रे डोक्यावर धरून उन्हातून चाललेवते." हजर. त्यांच्या शेजारी फ्लेक्स छापणारा एक तरुण व्यावसायिक असे. त्याला सर डिझायनर म्हणत. तो सांगे, "वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांत एकाच माणसाचा फोटो दोनदा आलाय सर. दोन्हीकडून हात जोडलेत त्यानं."

"कोणी छापला?"

"मीच छापला."

हजर.

चौथ्या रविवारी मी केजच्या बसस्थानकात वही उघडून बसलो आणि पाहू लागलो. एक म्हातारी लागलेल्या प्रत्येक गाडीपाशी जाऊन वाहकाला विचारत होती, "ही कुठं जाती?" तो गावाचे नाव सांगे. ती म्हणे, "बरं, जाऊ द्या," आणि पुढच्या गाडीकडे वळे. तिला कोठेच जायचे नव्हते. हे मी वर्गात सांगितले, तेव्हा सरांनी प्रथमच माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. मग पट माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, "गुरुजी, म्हातारीची बी हजेरी लावा. ती तुमच्याहून आधी आलती."

त्या दिवसापासून सरांनी मला वर्गाचा प्रमुख केले.

येथे सरांच्या कवी म्हणून असलेल्या लौकिकाविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची सर्व भानगड त्यातूनच निघाली. त्यांचा कवितासंग्रह एकच. तो त्यांच्या तरुणपणी निघाला, गाजला, पारितोषिक मिळाले आणि काही काळ पदवीच्या अभ्यासक्रमालाही होता. दुसरा संग्रह आला नाही. मी गणिताकडचा, सिस्टर शुश्रूषेकडच्या, डिझायनर बारावीनंतर थेट छपाईच्या यंत्राकडे गेलेला. आमच्यापैकी कोणीही ते पुस्तक पाहिलेले नव्हते. मी एकदा प्रत मागितली, तर सर म्हणाले, "वाळवीनं खाल्ली. तिला आवडली असंल."

दुसरा संग्रह का आला नाही, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य फक्त त्यांच्या पत्नीकडे होते. आम्ही त्यांना काकू म्हणत असू. चहा देता देता त्या आम्हाला म्हणाल्या होत्या, "आता कविता होत न्हाई ह्यांच्याकडून. हा वर्ग हाय म्हणून बरं. मे महिन्यात सुट्टी असती तवा हे किराणाच्या यादीतले शब्द खोडीत बसतेत. मागच्या साली जिरं खोडलं. म्हणले, मोहरी हाय की, परत जिरं कावून?"

काकूंनी हे हसत सांगितले आणि आम्हीही हसलो. पण रविवारचे हे तीन तास काढून घेतले तर सरांकडे काय उरेल, हे त्या दिवशी आम्हा सर्वांना नीट कळले.

सरांच्या अध्यापनाचे मुख्य साधन फाटकासमोरचा भज्यांचा गाडा हे होते. आम्ही वर्गात जे लिहू ते बाराच्या ठोक्याला माझ्याकडे जमा व्हायचे आणि मी तो गठ्ठा गाड्यावरच्या चाचांच्या हाती द्यायचा. चाचा त्याच कागदांवर आम्हाला भजी देत. प्रत्येकाला शक्यतो स्वतःचीच कविता मिळावी, अशी सरांची सूचना होती आणि चाचा ती काटेकोरपणे पाळत. "ये किसकी है, पाऊसवाली?" असे ते विचारत आणि ज्याने पाऊस लिहिला असेल तो मुकाट्याने हात पुढे करी.

भजी संपली की कागद उजेडाकडे धरायचा. तेलाने कागद पारदर्शक झालेला असे, शाई पसरलेली असे. सर म्हणत, "बघा, कोणती वळ वाचता येती? आन् कागद न बघता कोणती ध्यानात हाय? दोन्हीकडं जी सापडंल ती तुमची. बाकी चाचाची." मग कागदाचा बोळा टोपलीत जाई. घरी काहीही न्यायचे नाही, हा नियम होता. ज्याला आपली ओळ घरापर्यंत डोक्यातून नेता येत नाही, त्याने ती दुसऱ्याच्या डोक्यात घालण्याचा उद्योग करू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

शैक्षणिकदृष्ट्या ही पद्धत परिणामकारक होती, हे मी मान्य करतो. सिस्टरांची वीस ओळींची कविता दोन महिन्यांत पाच ओळींवर आली आणि ती ऐकताना आम्ही भजी खायचे थांबलो. परंतु शिक्षक म्हणून मला ती सहन होत नव्हती. आजवरच्या नोकरीत मी एकही उत्तरपत्रिका मुदतीआधी रद्दीत जाऊ दिलेली नाही. म्हणून मी एक अपराध केला. वर्गातून गाड्यापर्यंत जाताना, पायऱ्यांच्या वळणावर थांबून मी प्रत्येक कागदाचे मोबाइलवर छायाचित्र घेत असे. घरी आल्यावर दोनशे पानी नोंदवहीत, समास आखून, तारीख, हवामान, विद्यार्थ्याचे नाव आणि कविता असे सर्व सुवाच्य अक्षरात उतरवून काढी. शेवटी लाल शाईने शंभरपैकी गुण आणि एक शेरा. ही वही आहे हे कोणालाही ठाऊक नव्हते.

आता नारळाची हकिकत.

सरांना सत्काराची आमंत्रणे फार येत. स्नेहसंमेलन, सेवापूर्ती, दुकानाचे उद्घाटन, कोठेही कवी हवाच असे. शाल आणि नारळ देऊन त्यांना निरोप दिला जाई. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुख्याध्यापकांनी दिलेल्या नारळावर, शेंडीच्या बाजूला, सरांनी माझ्यादेखत पेनाने बारीक फुली काढली. त्याच संध्याकाळी तो नारळ त्यांनी दुसऱ्या एका संयोजकाला भेट म्हणून दिला. दोन महिन्यांनी एका पतसंस्थेच्या कार्यक्रमात त्यांना जो नारळ मिळाला, त्यावर तीच फुली होती. मध्यंतरी तो किती हातांतून फिरला असेल, कोण जाणे.

पुढच्या रविवारी त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि कानाशी नेऊन हलवून दाखवला. आत पाणी वाजत नव्हते.

"ह्याला कोणीच फोडलं न्हाई," ते म्हणाले. "प्रत्येकानं घेतला, मान लववली आन् पुढं दिला. आतून वाळून गेला. तुमच्या कवितेत चांदणं आलं, पापण्या आल्या, काळोखाचं गाव आलं, की मला हा दिसतो."

तेव्हापासून वापरून वापरून वाळलेल्या प्रतिमेला वर्गात नारळ म्हटले जाऊ लागले. प्रत्यक्षातला नारळ शैक्षणिक साहित्य म्हणून कपाटावर राहिला.

दुसरे उदाहरण वजनकाट्याचे. सरांचे गाव कडा या गावाच्या बाजूचे. त्यांचे वडील साखर कारखान्याला उसाची बैलगाडी हाकत. सर सांगत, "भरली गाडी काट्यावर चढली की बाबू वरडायचा, गाडीवानानं खाली उतरा. कावून? तर वजन उसाचं करायचं असतं, गाडीवानाचं न्हाई. तुमी कविता लिहिता आन् वर बसूनच ऱ्हाता. मग वजन लई भरतं, पण ऊस किती ते कळत न्हाई." एवढे सांगून ते डिझायनरकडे वळत. "उतर खाली बे." डिझायनर खरोखर बाकावरून उठून उभा राही.

वर्गाचा शेवटचा अर्धा तास पाहुणीचा असे. सर फळ्यावर एक कविता लिहीत. कवीचे नाव नाही. "पाहुणी आलीय," ते म्हणत. "आदरसत्कार घरी करायचा. हितं तिला सोलायची." आम्ही एकेक जण उठून अनावश्यक वाटेल ती ओळ डस्टरने पुसत असू. सर खिडकीपाशी पाठमोरे उभे राहत. फळ्यावर जे उरे ते एका लहान वहीत टिपून घेत आणि खडू ठेवून देत.

पाहुणीच्या बाबतीत मी फार कठोर होतो, हे आता कबूल करावे लागेल. विद्यार्थ्यांच्या कवितांना मी पासापुरते गुण देत असे, कारण ते शिकत होते. पाहुणीचा कवी छापून आलेला दिसत होता आणि छापून आलेल्याला क्षमा करू नये, असे माझे मत होते. एका रविवारी जी पाहुणी आली तिची सुरुवात अशी होती:

चंद्राच्या चांदीचा घाम कपाळी,
नभाच्या ओठांवर उसाची गाणी...

अशा बारा ओळी होत्या. नववी ओळ मात्र निराळी होती: "बाप काट्यावरून उतरला, काटा हलला नाही." मी उठलो आणि नववी सोडून अकरा ओळी पुसल्या. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, "गुरुजी, थोडी ऱ्हाऊ द्या की, कपड्याबिगर दिसायली." मी ठेवली नाही. सर त्या दिवशी खिडकीतून बराच वेळ बाहेर पाहत होते. चाचांच्या गाड्यावर त्यांनी भजीही खाल्ली नाहीत. पित्त झाले आहे म्हणाले.

घरी आल्यावर मी पूर्ण कविता आठवून वहीत उतरवली आणि खाली शेरा लिहिला: "चंद्र, नभ, ओठ : तीन नारळ. गाडीवान अकरा ओळी गाडीवरच बसून आहे; त्या पुसल्या. नवव्या ओळीचे आठ गुण, हस्ताक्षराचे तीन. ११/१००." हस्ताक्षर अर्थातच सरांचे होते. तेवढे तरी गुण त्यांच्या पदरी पडावेत, हा सद्हेतू.

हिवाळ्याच्या सुरुवातीला विद्यापीठाचे पत्र आले. लहान अभ्यासक्रमांची तपासणी करण्यासाठी तिघांची समिती येणार होती. विद्यार्थ्यांच्या लेखी कामाचा पुरावा दाखवता आला नाही, तर वर्ग त्या वर्षअखेर बंद होणार होता. प्राचार्य स्वतः वर्गात आले. ते सरांचे जुने विद्यार्थी असल्याने हात मागे बांधून उभे राहिले.

"सर, फायली किती आहेत?"

"एक बी न्हाई."

"मग मुलांनी लिहिलेलं कुठंय?"

"खाल्लं."

"कोणी?"

"आमी. गरम गरम."

प्राचार्य खाली बसले. काही वेळाने ते म्हणाले की, निदान दोन रविवारांत नव्याने लिहून घ्या, मागच्या तारखा घाला. सर यावर अत्यंत गंभीर झाले. "तारीख खोटी घातली तर चालंल," ते म्हणाले, "पण आकाश खोटं पडंल. श्रावणातली कविता हिवाळ्यात बसून लिहिली की वळखू येती." प्राचार्य गेले. सरांनी नेहमीप्रमाणे पाहुणी लिहायला घेतली. मात्र खडू दोनदा मोडला.

त्या रात्री नीट झोप लागली नाही. माझ्या कपाटात पुरावा होता. दाखवला तर वर्ग वाचणार होता. पण दाखवणे म्हणजे वर्षभर मी त्यांच्या नियमाशी बेइमानी केली, हे त्यांच्या तोंडावर कबूल करणे. मी कागदाच्या मधोमध रेघ ओढून दोन्ही बाजूंची कारणे लिहून पाहिली. कारणे समसमान आली. गणिताचा एवढा निरुपयोग मी पूर्वी अनुभवला नव्हता.

समिती आली तेव्हा मी वही पिशवीत घालून पहिल्या बाकावर बसलो होतो. अध्यक्ष मराठीचे एक वयोवृद्ध, निवृत्त प्राध्यापक होते. पांढरा सदरा, खिशाला दोन पेने. त्यांनी सरांना आदराने नमस्कार केला आणि लेखी काम मागितले. सरांनी खिडकीतून गाड्याकडे बोट दाखवले. "पुरावा तिकडं हाय. मूग का बटाटा, ते सांगा."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरची एकही रेषा हलली नाही. प्राचार्यांनी डोळे मिटले. मी उठलो आणि वही टेबलावर ठेवली.

"हे काय?" सरांनी विचारले.

"लेखी काम, सर. चौथ्या रविवारापासूनचं."

सरांनी वहीच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी फळ्याकडे पाहिले. अध्यक्ष पाने उलटू लागले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. तारीख आहे, हवामान आहे, गुण आहेत, शेरे आहेत. "उत्तम," ते म्हणाले. "असा दस्तऐवज मी कुठल्याच केंद्रावर पाहिला नाही." प्राचार्यांनी डोळे उघडले. सिस्टरांनी मागून माझ्या पाठीवर हलकेच थाप मारली. वर्ग वाचला होता. मग अध्यक्षांनी आणखी एक पान उलटले आणि थांबले.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग वहीकडे न पाहता ते म्हणू लागले, "चंद्राच्या चांदीचा घाम कपाळी..." बाराच्या बारा ओळी त्यांनी तोंडपाठ म्हटल्या.

"ही कविता मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवली," ते म्हणाले. "मुलींचे डोळे भरून यायचे. हिच्या कवीसमोर मी आज बसलो आहे, याचा मला अभिमान वाटत होता." त्यांनी वही सरांकडे वळवली. "आणि इथं लिहिलंय, शंभरपैकी अकरा. त्यातले तीन हस्ताक्षराचे. हे कोणी लिहिलं?"

वर्षभरातल्या सगळ्या पाहुण्या माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. प्रत्येकीला मी काय काय म्हणालो होतो, तेही.

"गुरुजींनी," सर म्हणाले. ते वही चष्म्याजवळ नेऊन वाचत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ते हसत आहेत हे कळायला मला थोडा वेळ लागला. "तीन नारळ. बरोबर हाय. मला दोनच दिसलेवते."

"कवी कोण, हे त्यांना माहीत होतं का?"

"न्हाई. सांगितलं असतं तर ऐंशी दिले असते."

"आणि आपल्याला हे मान्य आहे?" अध्यक्षांचा आवाज चढला. "आपली स्वतःची कविता? एक ओळ ठेवून सगळी पुसली यांनी."

सरांनी वही खाली ठेवली. पुढे जे बोलले ते त्यांनी अध्यक्षांना सांगितले की आम्हाला, हे मला आजही ठरवता आलेले नाही. "पुस्तकात बत्तीस कविता हायत," ते म्हणाले. "एकतीस ह्यांच्याकडून सोलून घेतल्या. नवं काही सुचंना. मग म्हणलं, जुनं तरी बघावं, आत पाणी हाय का. माझी मी पुसाया गेलो की हात धजंना. टाळ्या पडल्या होत्या ना त्या वळींला. ह्यांला टाळ्या ठाऊक न्हाईत. बाप काट्यावरून उतरला, ही वळ मी लिहिली आन् तिच्याभवती चंद्र-नभ लावून ठेवलं. तीस वर्षं माझीच मला दिसली न्हाई. ह्यांनी एका रविवारी डस्टरनं काढून दिली."

मग ते माझ्याकडे वळले. "आठ गुण मातर कमी हायत, गुरुजी. त्या वळीला धा तरी द्यायचे."

अध्यक्षांनी वही मिटली आणि चहा न घेता ते उठले.

अहवाल महिन्याभराने आला. त्यात दोन शिफारशी होत्या. पहिली, लेखी कामाच्या अनुकरणीय नोंदी पाहता वर्ग चालू ठेवावा. दुसरी, विद्यमान शिक्षकांना स्वतःच्या विषयाबद्दल पुरेसा आदर नसल्याने, नोंदी ठेवणाऱ्या विद्यार्थ्याकडेच अध्यापनाचे काम सोपवावे.

मी तो कागद घेऊन सरांच्या घरी गेलो. नकार देण्यासाठी मी चार परिच्छेदांचे पत्र तयार केले होते. सरांनी ते वाचले, पहिला, दुसरा आणि चौथा परिच्छेद खोडला आणि परत दिले. तिसऱ्यात एवढेच उरले होते: वर्ग बंद पडू नये असे मला वाटते.

"मग घ्या की," ते म्हणाले. "मला बी कोणीतरी शिकवाया पायजे. पण हजेरी नीट लावायची. वळख धरायची न्हाई."

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या गुरुजी. रविवारी हे घरात ऱ्हाणार न्हाईत, एवढं बघा. मंग हे शिकवतेत का शिकतेत, मला सारखंच."

महाविद्यालयाने सरांचा निरोप समारंभ केला. प्राचार्य बोलले, शाल पांघरली गेली, नारळ दिला गेला. सरांनी तो हातात घेतला, शेंडीची बाजू वर केली आणि माझ्यापुढे धरली. फुली होती. शिपायाने आयत्या वेळी आमच्या वर्गातल्या कपाटावरून काढून आणला होता. सरांनी मान लववली आणि तो प्राचार्यांच्या पत्नींना सप्रेम भेट दिला.

पुढच्या रविवारी मी प्रथमच टेबलाच्या त्या बाजूला उभा राहिलो. हजेरीपट नवा होता, समास मी स्वतः आखला होता. सर शेवटच्या बाकावर डिझायनरच्या शेजारी बसले होते. आठ नावे झाली. नववे नाव मी पुकारले आणि विचारले, "वाटेत काय पाहिलंत?"

सर उठून उभे राहिले. त्यांनी बराच विचार केला, छताकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले.

"आज काही दिसलं न्हाई, सर," ते म्हणाले आणि खाली बसले.

माझा हात थांबला. डिझायनरने मान खाली घातली. सिस्टर माझ्या पेनाकडे पाहत होत्या. मी सरांच्या नावापुढे फुली मारली.

मग पाहुणी लिहिली. कवीचे नाव घातले नाही. केजच्या बसस्थानकातल्या म्हातारीवर मी चौदा ओळी रचल्या होत्या. त्यांवर माझे सहा महिने खर्ची पडले होते. सर्वांत आधी सर उठले. डस्टर घेऊन, एकेक ओळ नीट वाचून, घाई न करता त्यांनी पुसायला सुरुवात केली. तेरा ओळी गेल्यावर ते मागे सरकले. फळ्यावर उरले होते: "बरं, जाऊ द्या, म्हणाली ती, गाडी निघायच्या आत." तेवढे करून ते जागेवर जाऊन बसले. आता पाठ करून उभे राहण्याची पाळी माझी होती. खिडकीतून गाडा दिसतो, चाचा तेल तापवताना दिसतात. एवढा वेळ पाहण्यासारखे तिथे काहीही नाही.

बारा वाजता मी गठ्ठा चाचांना दिला. पायऱ्यांच्या वळणावर थांबलो नाही. माझ्या पाहुणीचा मूळ कागदही मी त्यातच घातला होता, आणि चाचांनी तो, ठाऊक असल्यासारखा, सरांच्याच हाती दिला. सरांनी भजी सावकाश संपवली. कागद उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले. मग त्यातली एक पट्टी फाडून, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि उरलेल्या तेरा ओळींना हात पुसले.

पट्टीवर कोणती ओळ होती, ते मी विचारले नाही. हजेरीपटावर मात्र त्या रविवारी ते गैरहजर आहेत.